जुनी गाडी घेतलाय? बॉनेट नंतर उघडा, आधी खाली वाका

भाच्यानं दिवाळीच्या तोंडावर जुनी टाटा १६१२ ट्रक घेतली, विटा नि खडी मारायला, आणि पेढे घेऊन आला तेव्हा बसायच्या आधीच सुरू झाला की मामा इंजिन एक नंबर हाय, लायनर-पिस्टन नवीन टाकलेत, चढाला अशी ओढतीय की बघतच राहावं. मी म्हटलं ते बरंच झालं, पण खाली वाकून कोण बघितलं काय? ब्रेकचे ड्रम लेथवर कितीवेळा टर्निंग झालेत, स्प्रिंगचे पाटे एक्सलला आवळणारे यू बोल्ट कसे हायत, पुढचं चाक ज्यावर वळतं ते किंगपिन हलतंय काय? तर गप्प. मग चहा राहिला तसाच आणि आम्ही दोघं अंगणात गोणपाट टाकून गाडीखाली.

त्या दिवशी त्याला जे जे दाखवलं तेच इथं लिहितोय. आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी भागात अजून बऱ्याच पोरांकडं जुन्या गाड्या आहेत, नवीन गाडीचा हप्ता झेपत नाही म्हणून, आणि जुनी गाडी शिकवणारे उस्ताद आता फार राहिले नाहीत.

मी १९७८ ला निपाणीत क्लीनर म्हणून लागलो, टाटा १२१० वर. बारा म्हणजे बारा टन, दहा म्हणजे शंभर घोडे, हे नावातच आहे, तसंच सोळा-बाराचं सोळा टन नि एकशेवीस घोडे. माझे उस्ताद तिला शेवटपर्यंत मर्सिडीजच म्हणायचे, कारण १९५४ ते १९६९ टाटाचा जर्मन कंपनीशी करार होता आणि त्यांनी तारा लावलेली गाडी चालवलेली. आम्ही तंबाखूची बोदं भरायचो, परत येताना मिळेल ते. चार वर्षं नुसतं टायर, ग्रीस, पाणी नि शिव्या, मग स्टेअरिंग हातात. पुढं पुना-बेंगलोर रोड, गोव्याला अनमोड, कोकणात आंबोली, असं करत करत २०१४ ला उतरलो. त्यातली निम्मी वर्षं पॉवर स्टेअरिंग नसलेल्या गाडीवर, त्यामुळं खांदा अजून पावसाळ्यात बोलतो.

तर पहिली गोष्ट, पैसे कुठं घालायचे त्याचा क्रम. जुनी गाडी घेणारा सगळा पैसा इंजिनात घालतो आणि उरलेला रंगात. माझा क्रम उलटा आहे: ब्रेक, मग टायर, मग स्टेअरिंग नि पाटे, मग इंजिन, आणि रंग, हॉर्न, टेप हे भाडं सुटल्यावर. इंजिन बंद पडलं तर गाडी उभी राहते, फार तर भाडं जातं आणि एक रात्र डासात जाते. ब्रेक गेला तर ती उभीच राहत नाही. आणि आपल्याकडं सपाट रस्ता कुठाय, निपाणी सोडली की तवंदी घाट, पुढं यमकनमर्डीच्या अंगाला वंटमुरी घाट, गोव्याला गेलं तर चोर्ला नाहीतर अनमोड. चढताना सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात हो, खरी गाडी उतारालाच कळते.

ब्रेकमध्ये दोन जाती. आम्ही चालवलेल्या १२१० ला तेलाचे ब्रेक आणि त्याला हवेची मदत. नंतरच्या गाड्यांना पूर्ण हवेचे. तुमची कुठली ते आधी बघा कारण दोन्हीचं दुखणं वेगळं.

तेलाचा ब्रेक असेल तर पेडल दाबून बघा, स्पंजासारखं मऊ लागलं तर लायनीत हवा आहे, नि दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडरचं रबर गेलंय नाहीतर कुठंतरी गळतंय. हवा काढताना सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची, एकानं पेडल मारून दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाजवळचं निप्पल सैल करून तेल बाटलीत सोडायचं, निप्पल आवळल्याशिवाय पेडल सोडायचं नाही. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. वरची टाकी रिकामी होऊ देऊ नका नाहीतर पहिल्यापासून परत. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो, ब्रेकची रबरं डिझेलनं किंवा रॉकेलनं धुवू नका. स्वच्छ दिसतात, बसवताना छान बसतात, आणि दोन दिवसांत फुगून ब्रेक जाम. ब्रेक ऑइलनंच धुवायची. ते ऑइलसुद्धा उघडा डबा महिनोनमहिने ठेवलेलं नको, ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाणी मिसळलेलं तेल घाटात तापलं की उकळतं, मग पेडल थेट तळाला.

हवेचा ब्रेक असेल तर रोज हवेच्या टाकीतलं पाणी सोडायचं. टाकीच्या बुडाला कॉक असतो, संध्याकाळी गाडी लावली की ओढायचा, पावसाळ्यात तर बघा किती पाणी नि तेलाचा चहासारखा फेस येतो. ते पाणी व्हॉल्व्हमध्ये गेलं की ब्रेक कधी उशिरा लागतो कधी उशिरा सुटतो. तेल फारच येत असेल तर कॉम्प्रेसरच्या रिंगा बघा. मग हवा पूर्ण भरायची, इंजिन बंद करायचं, पेडल पूर्ण दाबून धरायचं आणि हवेच्या दाबाच्या काट्याकडं बघत बसायचं. पहिल्या दाबाला काटा थोडा खाली येणार, ते ठीक. त्यानंतर तो डोळ्यांदेखत घसरत असेल तर गळती आहे. रात्री सगळं शांत असताना कान लावा, फुस्स ऐकू येतं, आणि सापडलं नाही तर साबणाचा फेस प्रत्येक जॉइंटला लावा, बुडबुडा येईल तिथं पाना. नंतरच्या गाड्यांना स्प्रिंग ब्रेक आले, हवा गेली की चाकं आपोआप धरतात. जुनीला ते नाही, हवा गेली की ब्रेकही गेला, हातब्रेकच्या भरवशावर भरलेली गाडी घाटात उभी राहणार नाही.

ब्रेक ॲडजस्ट करताना चारी चाकं सारखी. चाक जॅकवर उचलायचं, हातानं फिरवत फिरवत ॲडजस्टर आवळायचा, चाक घासायला लागलं की जरासा सैल सोडायचा, मोकळं फिरलं पाहिजे पण आतून हलकी सळसळ चालेल. एका बाजूला जास्त नि एका बाजूला कमी ठेवलात तर ब्रेक मारल्यावर स्टेअरिंग एका अंगाला ओढणार. हवेच्या गाडीला क्लीनरला पेडल मारायला बसवा आणि तुम्ही खालून बघा, चाकाजवळच्या ब्रेक चेंबरचा दांडा किती बाहेर येतोय त्यावर खडूची खूण करा, डावी-उजवी सारखी यायला पाहिजे.

ड्रमचं म्हणाल तर आपल्याकडं लेथवाल्यांना तोटा नाही, बेळगावच्या उद्यमबागेत एक हाक मारली तर चार येतील. पण प्रत्येक वेळी टर्निंग मारून ड्रम पातळ होतो, पातळ ड्रम लवकर तापतो नि तडकतो, त्यामुळं लेथवाला "अजून एकदा बसतंय की" म्हणाला तरी माप मोजून घ्या, मापाबाहेर गेला असेल तर भंगारात घाला. आणि तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, कितीही धूर येऊ दे. घाटाच्या खाली बरेच जण बादली घेऊन धावताना बघितलेत मी, तेच ड्रम पुढच्या महिन्यात बारीक तडे घेऊन येतात.

आता अनमोडची गोष्ट सांगतो, कारण हे सगळं मी पुस्तकात वाचून शिकलेलो नाही.

पावसाळा संपत आलेला, आम्ही बटाटा भरून गोव्याला. लोंढा, रामनगर झालं. मागचं डावं आतलं चाक गेले आठ दिवस तेलकट दिसत होतं, म्हणजे हबचं ऑइल सील गेलेलं, मागच्या एक्सलच्या हाऊसिंगचं तेल ड्रममध्ये येत होतं. मी मालकाला बोललो होतो. मालक म्हणाले पुढच्या खेपेला बघू. आणि मीही पुढच्या खेपेला म्हटलं, खोटं कशाला बोलू, मलाही घरी एक दिवस लवकर पोचायचं होतं. घाट सुरू झाला नि तिसऱ्या वळणाला ब्रेक मारला तर गाडी उजवीकडं ओढली, कारण डाव्या चाकाचा लायनर, म्हणजे ड्रमला घासणारी ब्रेकची पट्टी, तेलात भिजलेला, तो धरतच नव्हता, सगळा भार बाकी तीन चाकांवर. पुढच्या वळणाला वास आला. ब्रेक लायनर जळल्याचा वास ज्यानं एकदा घेतलाय तो विसरत नाही, जळक्या शिंगासारखा असतो. आरशात बघतो तर उजवीकडून पांढरा धूर, आणि पेडल लाकडासारखं कडक पण गाडी हळू होईना.

नशीब की मी तिसऱ्या गियरमध्ये होतो, टॉपमध्ये नव्हतो. दुसरा टाकायचा होता. तो डबल क्लच (काय ते पुढं सांगतो) कसा मारला ते हातापायाला ठाऊक, मला नाही. नंतर दोन वळणं इंजिनावर रडत रडत, आणि जिथं डोंगराच्या बाजूला मातीचा ढीग दिसला तिथं डावं चाक घातलं. बंपर वाकला, हेडलाइट फुटला, बटाटे सगळे जागेवर. क्लीनर पोरगं दोन मिनिटं काही बोललं नाही, मग म्हणालं, "अण्णा, आता चाय करू काय?" तो स्टोव्ह पेटेपर्यंत माझा पाय थरथरत होता.

त्यानंतर तेलकट चाक दिसलं की गाडी हलवायची नाही, हा माझा कायदा. मालक ओरडले तर ओरडू देत. सील बदलायचं, लायनर तेल प्यायलेला असेल तर धुऊन घासून परत लावायचा नाही, नवीन रिबीट मारायचा, आणि दोन्ही बाजूंचा. एकीकडं नवीन नि एकीकडं जुना लावलात तर परत ओढाओढ.

उतरायचं कसं ते आता नीट ऐका. घाटाच्या डोक्यावर थांबा. लघवीला थांबा, तंबाखू मळायला थांबा, पण थांबा. टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांडक्यानं, टायर ठोका, हब हातानं बघा, हवेचा काटा बघा. मग ज्या गियरमध्ये हा घाट भरलेल्या गाडीनं चढाल त्याच गियरमध्ये उतरायचं, आणि तो गियर वरच टाकायचा, उतारात शोधत बसायचं नाही. पाय सतत ब्रेकवर ठेवून हलकं हलकं घासत उतरू नका, त्यानंच लायनर तापतो. वेग वाढला की एकदा ठाम दाबायचा, वेग उतरला की पूर्ण सोडायचा, मधल्या वेळात ड्रमला गार व्हायला जागा मिळते. हवेच्या ब्रेकवर उगाच फटफट पाय मारला की हवा संपते, ते वेगळंच. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनचा धूर अडवून गाडी आवरणारा, असेल तर वापरा, पण त्याची पट्टी काजळीनं जाम होते, महिन्यातून एकदा हलवून तेल सोडत जा.

न्यूट्रल मारणारे अजून आहेत. डिझेल वाचतंय म्हणतात. इंजिनला डिझेल देणाऱ्या जुन्या लाइन पंपाला डिझेल कमी-जास्त करणारा गव्हर्नर असतो, गाडी गियरमध्ये असताना एक्सीलेटर सोडून उतरलात की तो डिझेल बंदच करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल प्यावंच लागतं. म्हणजे जीव धोक्यात घालून उलट जास्त डिझेल जाळता तुम्ही. हे मी कित्येक ड्रायव्हरांना सांगितलं, मान डोलावतात नि पुढच्या उताराला परत न्यूट्रल.

आणि डबल क्लच. जुन्या गियरबॉक्सला सिंक्रो, म्हणजे गियरचा वेग जुळवणाऱ्या रिंगा, झिजलेले असतात, गियर खाली टाकताना कर्रर्र होतं. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, एक्सीलेटरला एक झटका द्या, परत क्लच दाबा, खालचा गियर टाका. त्या झटक्यानं आतली चाकं जुळत्या वेगाला येतात म्हणून दात भिडत नाहीत. सपाट रस्त्यावर रिकाम्या गाडीवर शंभर वेळा करा, इतकं की बोलता बोलता व्हायला पाहिजे. घाटात पहिल्यांदा शिकायचं नसतं हे.

टायरला येऊ. जुन्या गाडीचं चाक म्हणजे ट्यूब, फ्लॅप आणि टायर रिमवर धरून ठेवणारी लोखंडी लॉक रिंग. त्या रिंगेला मी आजही भितो. निपाणीत एका पंक्चरच्या दुकानात मी स्वतः बघितलंय, रिंग नीट बसली नव्हती, हवा भरताना सुटली नि पत्र्याच्या छपरातून आरपार गेली. भरणारा एक पाऊल बाजूला होता म्हणून वाचला. तेव्हा गंजलेली, वाकडी, तडकलेली रिंग परत लावायची नाही. खोबणीतली माती-गंज ब्रशनं काढायचा. थोडी हवा भरून थांबायचं, रिंग चारी बाजूंनी खोबणीत बसली काय बघायचं, मगच पुढं. भरताना रिंग जमिनीकडं किंवा पिंजऱ्यात, पिंजरा नसेल तर रिममधनं साखळी आवळून, आणि समोर कुणी उभं राहायचं नाही, पोरंटोरं तर नाहीतच. हवा भरलेल्या चाकाच्या रिंगेवर हातोडा मारणारा दिसला तर त्या दुकानातनं गाडी बाहेर काढा. चाक गाडीवरनं खोलायच्या आधी हवा काढून घ्या, जोडचाकाला तर दोन्हीची.

जोडचाकात आतला टायर बसला तर बाहेरून दिसत नाही, बाहेरचा सगळं वजन एकटा उचलतो नि तासाभरात फुटतो, कधी कधी पेटतोसुद्धा. म्हणून टॉमीनं ठोकायचं. भरलेला टायर टणकन उडवतो, बसलेला नुसता धप्प करतो, हाताला लगेच कळतं. दोन चाकांच्या मध्ये दगड अडकलाय काय तेही बघा, खडीच्या खाणीत जाणाऱ्यांनी प्रत्येक खेपेला.

नट आवळताना एक गंमत. बऱ्याच जुन्या गाड्यांना डाव्या चाकांचे आटे उलटे असतात, चाक फिरताना नट सुटू नये म्हणून. भाच्यानं पहिल्याच दिवशी डावं चाक खोलायला पाइप लावून, दोघांनी लटकून, नट असा आवळला की शेवटी छिन्नी लावायला लागली. "निघतच नाही मामा, गंजलाय" म्हणतो. अरे मर्दा, आवळूलास की तू! स्टडच्या टोकाला खूण असते, ती बघून पाना लावा. चाक बदलल्यावर पन्नासेक किलोमीटरला थांबून परत एकदा आवळा, रंग मारलेल्या रिमला तर नक्कीच, रंग दबतो नि नट सैल होतो.

पाटे नि यू बोल्ट. गाडीच्या मागं लांब उभं राहून तिला सरळ जाताना बघा. मागचा एक्सल एका अंगाला सरकला असेल तर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते, बहुतेक सेंटर बोल्ट तुटलेला असतो. तो तुटतो कशानं, तर यू बोल्ट सैल राहिल्यानं. नवीन पाटे बसवले की यू बोल्ट भरल्या गाडीवर परत आवळायचे, पाटे दबून बसतात. तुटलेला पाटा मातीत दिसत नाही, पण चिरेच्या जागी गंजाची लाल रेघ येते, टॉर्च मारून ती शोधायची. वाटेत मेन पाटा तुटला तर लाकडाचा ठोकळा नि साखळी बांधून गावापर्यंत या, पण रिकामी करून, हळू.

ग्रीसिंग सगळे करतात नि निम्म्यांचं फुकट जातं. किंगपिनला ग्रीस मारताना पुढचा एक्सल जॅकवर उचलायचा, चाकं अधांतरी. गाडीचं वजन असताना जिथं घासतंय तिथंच फट नसते, ग्रीस दुसऱ्या बाजूनं बाहेर येतं आणि आपल्याला वाटतं झालं. उचललेलं असतानाच चाक वर-खाली धरून हलवा, खटखट आली तर किंगपिनचे बुश नाहीतर बेअरिंग. कुठलं ते कसं कळणार? क्लीनरला ब्रेक दाबायला सांगा आणि परत हलवा, खटखट गेली तर बेअरिंग, राहिली तर किंगपिन. निप्पल पुसूनच गन लावा, नाहीतर माती तुम्हीच आत घालताय. शॅकल पिना, जॉइंटचे क्रॉस, सेंटर बेअरिंग, क्लचची दांडी, हे विसरू नका. पावसाळ्यात आणि चिखलातल्या कामात आठवड्याला.

स्टेअरिंग धरताना अंगठा रिमच्या आत घालू नका, बाहेर ठेवा. पॉवर नसलेल्या गाडीचं चाक दगडावर गेलं की स्टेअरिंग फटकन उलटं फिरतं, मी एकदा दीड महिना अंगठा बांधून फिरलोय.

आता इंजिन, ज्याबद्दल सगळ्यांना आधी ऐकायचं असतं.

सकाळी सुरू करायच्या आधी दांडी काढून ऑइल, रेडिएटरचं पाणी, पट्टा अंगठ्यानं दाबून अर्धा इंचभर जातोय काय, खाली जमिनीवर रात्रीत कशाचा डाग पडलाय. काळा डाग इंजिनचा, घट्ट नि उग्र वासाचा हाऊसिंग नाहीतर गियरबॉक्सचा. दांडीवरचं ऑइल दुधाळ दिसलं तर सुरूच करू नका, पाणी मिसळलंय. धुराचं साधं आहे: काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, आधी एअर फिल्टर बघा मग डिझेल फवारणारं नोझल. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा सकाळी थोडा येतो, गरम झाल्यावरही येत राहिला तर डिझेल जळत नाही किंवा पाणी जातंय. काळा धूर दिसला की लगेच पंप खोलायला सांगणारे मिस्त्री असतात, त्यांना आधी फिल्टर धुवायला सांगा. ऑइल बाथ फिल्टरच्या वाटीत खाली चिखल बसलेला असतो, खडीवाल्यांच्या गाडीत तर आठवड्यात.

गाडीनं हवा धरली, हे रस्त्यावर सगळ्यात जास्त होणारं. टाकीत डिझेल तळाला गेलं, फिल्टर बदलला, पाइप सैल, की इंजिन घरघरतं नि बंद. संकेश्वरला एक कन्नड मिस्त्री होते, लांबूनच आवाज ऐकून "गाळी हिडदैती" म्हणायचे, हवा धरलीय, आणि पाना घेऊन चालत यायचे, घाई नाही. त्यांनीच शिकवलं. टाकीतलं डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा हाताचा दट्ट्या सैल करून मारायचा. आधी फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे ढिला करायचा, फेस येतो, फेस जाऊन डिझेलची सलग धार आली की दट्ट्या मारता मारताच स्क्रू आवळायचा. मग पंपावरचा स्क्रू, तसंच. एवढ्यानं सुरू झाली नाही तर नोझलच्या पाइपांचे नट ढिले करायचे, सेल्फ मारायला सांगायचा, डिझेल थुंकलं की आवळायचा. नोझलच्या धारेपुढं बोट धरू नका, त्या दाबानं डिझेल कातडीच्या आत जातं. शेवटी दट्ट्या परत आवळून बसवा, तो सैल राहिला तर तिथूनच परत हवा.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, स्वतः करायचे असतील तर टाटाच्या सहा सिलिंडरला फायरिंगचा क्रम १-५-३-६-२-४. सहाव्याचे दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र डुलायला लागले की पहिल्याचे टॅपेट लावायचे, पहिल्याचे डुलले की सहाव्याचे. तसंच पाच नि दोन, तीन नि चार. फट किती ते गाडीच्या पुस्तकातून घ्या आणि फीलर गेज वापरा, "पोस्टकार्ड सरकतंय ना" हे बंद करा.

गाडी तापली तर रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका, आणि उघडल्यावर गार पाणी भसकन ओतू नका, इंजिन चालू ठेवून हळूहळू. हेडला चीर गेली की त्या पैशात चार पट्टे नि एक वॉटर पंप आला असता. मिस्त्री थर्मोस्टॅटचा वॉल काढून फेकतात नि म्हणतात आता तापणार नाही. इंजिन गारच राहिलं तर डिझेल जास्त खातं, रिंगा लायनर झिजतात. वॉल खराब असेल तर नवीन घाला. रेडिएटर बारीक गळत असेल तर मूठभर हळद टाकून गावापर्यंत येता येतं, आणि डिझेल टाकीला चीर गेली तर कपड्याचा बार साबण घासून भरा, डिझेलात तो विरघळत नाही. दोन्ही आम्ही केलंय, पण घरी आल्यावर नीट करून घ्यायचं, हळदीवर वर्ष काढायचं नाही.

पुराचं थोडं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलेलं, गाड्यांच्या रांगा सगळ्यांनी बघितल्या. पाण्यातनं घालूच नका असंच सांगीन. पण शेतात, खाणीत चाक बुडेपर्यंत गेलीच, तर बाहेर आल्यावर हळू चालवत ब्रेक हलके दाबून लायनर वाळवा, आणि दुसऱ्या दिवशी हाऊसिंगचा खालचा बोल्ट जरा ढिला करून बघा. गरम हाऊसिंग गार पाण्यात गेलं की श्वास घेतल्यासारखं पाणी आत ओढतं. तेल खाली नि पाणी त्याहून खाली बसतं, त्यामुळं आधी पाणीच येईल. आलं तर सगळं तेल बदला, हबचं ग्रीससुद्धा. हाऊसिंगमधल्या क्राउन-पिनियन गियरचा दर ठाऊक असेल तर हे तेल महाग वाटणार नाही.

पासिंगचं एवढंच, आठ वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी आहे, तेव्हा वरचं सगळं पासिंगच्या आधीच्या आठवड्यात उरकायचं आणि मग वर्षभर विसरायचं, असं करू नका. भाड्यानं ब्रेक-टायर लावून पासिंग करणारेही बघितलेत.

भाच्याची गाडी आम्ही तीन आठवडे उभी ठेवली. मागचे दोन ड्रम गेले, चारी चाकांचे लायनर, एक सील, डावा किंगपिन, सहा यू बोल्टचे नट. तो रोज म्हणायचा मामा भाडं बुडूलंय. रंग अजून तसाच आहे, फिकट पिवळा, आणि मागं आधीच्या मालकाच्या पोरांची नावं.

निघाला तेव्हा मी त्याला माझा ठोकळा दिला. बाभळीचा आहे, उस्तादांनी स्वतः तासलेला, एका बाजूला उतरता, वरून भोक पाडून सुतळी ओवलेली. उतारावर थांबलं की चाकाखाली घालायचा नि निघताना कॅबिनमधनं सुतळी ओढून वर घ्यायचा. लोक रस्त्यातला दगड लावतात नि काम झालं की तिथंच सोडून जातात, मागून रात्री मोटारसायकलवाला येतो. आमचे उस्ताद असा दगड दिसला की भरलेली गाडी थांबवून मला खाली उतरवून बाजूला करायला लावायचे, पावसात सुद्धा, आणि मी शिव्या घालत उतरायचो. भाच्यानं ठोकळा सीटखाली टाकला. मी म्हटलं सीटखाली नको, दाराला अडकव, हाताला यायला पाहिजे.